मागच्या दारची पायरी

"काका, ही पायरी कुठनं आणली?"

चतुर्थीची दुपार. उकडीच्या मोदकांनी जड झालेली मंडळी पडवीत जागा मिळेल तिथे आडवी झाली होती आणि मामांचा नातू ओंकार एकटाच मागच्या दारी बसला होता. पायरीच्या दगडावर एक वाकडी खाच आहे. तिच्यात बोट घालून तो ते मागेपुढे फिरवत होता. मी न्हाणीकडे हात धुवायला निघालेलो. त्याच्याकडे नीट न बघताच म्हणालो, "आजोबांना विचार, घर त्यांच्यासमोर बांधलंय." तो "बरं" म्हणाला. विचारायला मात्र उठला नाही. त्या "बरं"मधलं काहीतरी मला रात्रीपर्यंत टोचत राहिलं, कारण तासाभरापूर्वी भर पंगतीत मी त्या पोराला गप्प केलं होतं.

झालं होतं एवढंच की पानं वाढून होईतो ओंकारने मोबाइल काढला आणि एक व्हिडिओ सगळ्यांना दाखवायला घेतला. कोकणातल्या सड्यांवरची, म्हणजे वरच्या सपाट उघड्या कातळांवरची कातळशिल्पं, वरून ड्रोनने टिपलेली. मागे नगारे आणि त्यावर एक खर्जातला हिंदी आवाज. बारा हजार वर्षांपूर्वी इथे म्हणे एक प्रगत संस्कृती होती, प्रलयात ती बुडाली, उरल्या त्या या आकृत्या. या फक्त आकाशातून दिसतात, मग काढल्या कुणासाठी? इथे आवाज थांबतो, नगारा घुमतो आणि ढगांतून एक उजेडाचा ठिपका खाली येतो. मामी "अगं बाई" म्हणाली. मी हातातली वाटी खाली ठेवली आणि म्हणालो, "हे असलं काही बघत जाऊ नकोस रे. इंजिनिअरिंगला आहेस ना?" पोरगं ओशाळलं, पण हटलं नाही. "मग कोणी केलं, तू सांग." "त्या काळच्या माणसांनी." "म्हणजे कोणी?" "म्हणजे माणसांनीच. शिकार करणाऱ्या." "कधी? कशाला?" कुणीतरी हसलं. मी मोदकावर तूप वाढून घेतलं. हे असं नाही, एवढंच मला ठाम माहीत होतं. मग कसं, ते सांगायला गेलो तर पोतडीत फारसं काही नव्हतं. नव्हतं म्हणूनच आवाज चढला होता.

माझं हे आजोळ राजापूर तालुक्यात. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली चित्रं नामांकित नाहीत आणि अजून तरी तिथे कुणी पाटी लावलेली नाही. मेच्या सुट्टीत आम्ही सगळी मामेभावंडं करवंदांसाठी सड्यावर जायचो. खाली गावात माड, पोफळी, विहिरीचा गारवा. पाखाडी चढून वर आलं की एकदम उघडंबोडकं काळं कातळ, सावलीला झाड म्हणून नाही, आणि ऊन असं की चपलेचा अंगठा तुटला तर रडू यायचं. त्या कातळात रेघा कोरलेल्या होत्या. बोटाचं एक पेर बुडेल एवढ्या खोल. एक लांबलचक मासा. एक चार पायांचं जनावर, त्याला आम्ही रानडुक्कर म्हणायचो. आणि हात पसरून उभा एक माणूस, ज्याला तोंडच नव्हतं. आम्ही त्या माणसात उताणे झोपून कोणाची उंची भरते ते बघायचो. कुणाचीच भरत नसे, पाठ भाजायची ती वेगळीच. चित्रं कोणाची, हा प्रश्नच नव्हता. पांडवांची. वनवासात असताना त्यांनी एका रात्रीत सगळा सडा चितारायला घेतला, पण कोंबडा आरवला तसे हत्यारं टाकून निघून गेले, म्हणून माणसाचं तोंड राहिलं. हे आम्हाला गुरं राखणाऱ्या एका म्हाताऱ्याने सांगितलं होतं. सांगता सांगता चित्राला पाय लागू नये म्हणून तो वळसा घालून पुढे गेला. मी वळसा घालत नसे. मुंबईहून आलेला होतो ना.

तो वळसा मला चतुर्थीच्या रात्री आठवला.

खरं सांगायचं तर ओंकारला हसायचा मला काहीच अधिकार नाही. त्याच्या वयाच्या आधीपासूनच मी आमच्या वाचनालयातून परग्रहावरून आलेल्या देवांची पुस्तकं एकामागून एक आणून वाचली होती. मराठीत त्या पुस्तकांची एके काळी मोठी लाट होती. माझ्या हाती आल्या त्या शिवण उसवलेल्या, पिवळ्या पडलेल्या प्रती, कुणीतरी समासात पेन्सिलीने "खरंच?" असं लिहिलेल्या. मग २००१-०२च्या सुमाराला खंबायतच्या आखाताची बातमी आली. राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने ध्वनिलहरींनी समुद्रतळाचे नकाशे काढले होते आणि त्यांत सरळ कडांचे, चौकोनी आकार दिसले होते. तळातून उपसलेल्या वस्तूंमध्ये लाकडाचा एक तुकडा होता, तो साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचा निघाला. केंद्रीय मंत्री मुरली मनोहर जोशींनी ते जाहीर केलं. म्हणजे मोहेंजोदडोच्याही कितीतरी आधीचं शहर, पाण्याखाली, आपल्या शेजारी! मी ते कात्रण वहीत चिकटवलं आणि हॉस्टेलच्या खोलीत रात्रभर त्या शहराचे रस्ते आखत बसलो. पुढे जाणकारांच्या शंका वाचनात आल्या. लाकूड जुनं म्हणून शहर जुनं, असं कसं म्हणायचं? खंबायतच्या भरती-ओहोटीची ओढ एवढी जबर की नदीने आणलेला ओंडका कुठून निघून कुठे रुतेल याचा नेम नाही. वस्तू उपसून वर काढलेल्या, त्यामुळे कोणती कोणत्या थरातली हे सांगायची सोय उरली नाही, आणि पुरातत्त्वात थर गेला की साक्षीदारच गेला. हे सगळं पटलं. वही मात्र अजून माझ्याकडे आहे. कात्रणाचा गोंद वाळलाय, कडा तपकिरी झाल्यात, पण ते काढून टाकायला हात होत नाही.

हात का होत नाही, याचं मला सापडलेलं उत्तर काही फार अभिमानाचं नाही. आपलं काहीतरी मोठं होतं आणि ते बुडालं, या कल्पनेत एक गोड दुःख आहे. आपण आज जे काही किरकोळ आहोत त्याचा दोष मग आपल्याकडे राहत नाही, समुद्राकडे जातो. कोकणातल्या माणसाला तर हे लगेच लागू पडतं. आमच्या वाडीत अकरा घरं आहेत, त्यांतली सात वर्षभर कुलपात. गणपतीत पाच दिवस उघडतात. दारं फुगलेली, वासे वाळवीने पोखरलेले, माळ्यावर कुणाला नेमका उपयोग आठवत नाही अशा वस्तू. हरवलेली संस्कृती बघायला समुद्रात बुडी मारावी लागत नाही, कोकण रेल्वेचं वेटिंग लिस्टमधलं तिकीट कन्फर्म झालं की पुरतं.

दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. सकाळी चहा घेता घेता ओंकारला म्हणालो, "चल, सड्यावर जाऊ." त्याने माझ्याकडे जरा संशयानेच बघितलं, पण ड्रोनची बॅग पाठीला लावली. रात्री मी पांघरुणात मोबाइल घेऊन चोरून अभ्यास केला होता, हे त्याला सांगितलं नाही. पाखाडी निसरडी झाली होती. वर पोचलो तेव्हा बुरबुर पाऊस सुरू झाला, असा की छत्री उघडली तर अडचण आणि मिटली तर चष्मा जातो. मेमधला तो तव्यासारखा सडा आता ओळखू येत नव्हता. खळग्याखळग्यांत पाणी, पाण्यात बेडकांची पिल्लं, चिमूटभर माती धरून उगवलेलं गवत आणि त्यात सीतेच्या आसवांच्या फुलांचे निळे-जांभळे ठिपके. ओल्या जांभ्या दगडाचा वास येत होता, म्हणजे लोखंडी तव्यावर पाणी शिंपडल्यावर येतो तसा काहीसा. ड्रोन बॅगेतच राहिला. "पाण्याने खराब होईल," ओंकार म्हणाला, आणि आम्ही चित्रं शोधायला लागलो. ती सापडेनात. मला वाटलं होतं, डोळे मिटून जाईन. शेवटी माशाच्या शेपटीत ओंकारचा पाय गेला. खाचांमध्ये पाणी साचून रेघा आभाळाच्या रंगाच्या झाल्या होत्या. काळ्या कातळावर राखाडी उजेडाने काढलेला मासा. चाळीस वर्षांत मी तो पावसाळ्यात बघितलाच नव्हता.

"पण वरून बघितल्याशिवाय अख्खा दिसतच नाही ना," ओंकारने कालचा मुद्दा पुन्हा काढला, या वेळी हळू आवाजात. मी म्हटलं, "चालून बघ." तो खाचेच्या कडेकडेने पाऊल जुळवत निघाला. शेपूट, पोट, तोंड, पाठ, पुन्हा शेपूट. फेरी पूर्ण झाल्यावर तो थांबला आणि म्हणाला, "हां, मासाच आहे." मला त्या क्षणी मामी आठवली. तुळशीच्या लग्नाला मामी खळ्यात जी रांगोळी काढते ती सहज दहा फुटांची असते. ती ओणवी होऊन ठिपके घालत मागे मागे सरकत जाते. ती रांगोळी तिने आजवर एकदाही वरून बघितलेली नाही, बघायला वरती जागाच नाही, घर कौलारू आहे. तिच्या कमरेला, बोटांना, मोजणीला ती अख्खी दिसते. अकरा ठिपके अकरा ओळी म्हटलं की झालं. पेरूमधल्या नाझ्काच्या वाळवंटातल्या रेषा तर याहून कितीतरी मोठ्या, त्यांच्याही मागे आकाशयानं लावली गेली, आणि तिथेही खुंट्या आणि दोरी एवढ्यावर आकृत्या आखता येतात हे लोकांनी करून दाखवलंय. गवंडी ओळंबा आणि सुतळी घेऊन घराचा पाया आखतो तेव्हा त्याला कुणी विचारत नाही की तू हे कोणत्या ग्रहावरून बघितलंस. काढणाऱ्याला चित्र वरून दिसावं लागतं, ही समजूत बहुधा कधी जमिनीवर बसून काही न काढलेल्या माणसाची असावी.

हे सगळं मी ओंकारला सांगितलं, आणि मग रात्रीचा अभ्यासही हळूहळू बाहेर काढला. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई २०१२पासून सडे पालथे घालत हिंडले. गावोगाव गुराख्यांना, म्हाताऱ्यांना विचारत, पायी. नकाशात नसलेल्या जागा त्यांना त्या लोकांच्या तोंडून मिळाल्या. रत्नागिरी जिल्ह्यात आता सत्तरेक ठिकाणी १,५००च्या वर चित्रं नोंदली गेलीत. २०२२मध्ये उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यात कुशावती नदीकाठचं पणसायमळ, अशी नऊ ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीला एक हत्ती आहे, सुमारे अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद, आणि त्याच्या पोटात कितीतरी दुसरे प्राणी. बारसूला एक माणूस दोन्ही बाजूंना दोन वाघ घेऊन उभा आहे. देवाचे गोठणे इथे होकायंत्राची सुई भरकटते. हे ऐकताच ओंकारने मोबाइलमधलं होकायंत्र काढून आमच्या बिनतोंडाच्या माणसावर धरलं. काही झालं नाही. उत्तर उत्तरेलाच राहिली. तो थोडा खट्टू झाला आणि खोटं कशाला बोलू, मीही झालो. जांभ्यात लोखंड भरपूर असतं, सुई हलण्यात नवल काही नाही, हे मी त्याला नंतर सांगितलं.

सगळ्यात घोळ वयाचा. कार्बनने काळ काढायचा तर एके काळी जिवंत असलेलं काहीतरी लागतं, कोळसा, हाड, बी, शिंपला. उघड्या कातळावरच्या खाचेत असलं काय सापडणार? दगडाचं वय काढून उपयोग नाही, दगड तर माणसापेक्षाही जुना. त्यामुळे अभ्यासक आडून आडून विचारतात. चित्रांत काय आहे, काय नाही? राज्याच्या पुरातत्त्व विभागाचे संचालक असताना तेजस गर्गे यांनी मांडलेला मुद्दा मला सगळ्यात पटला. चित्रांत हत्ती, वाघ, मोर, मासे, कासवं आहेत, शेतीची खूण मात्र कुठे नाही. नांगर नाही, बैल जुंपलेला नाही, धान्य नाही. म्हणजे काढणारे शिकारीवर जगणारे असावेत. शिवाय काही ठिकाणी गेंडा आहे आणि हिप्पोसारखं जनावरही. "कोकणात गेंडा?" ओंकार उडालाच. कोकणात आज नाही, पण गुजरातेत लांघणजला हसमुख सांकलियांच्या उत्खननात गेंड्याचं खांद्याचं हाड मिळालं होतं. मध्याश्मयुगातल्या कुणीतरी ते ऐरणीसारखं वापरलेलं, वर ठोकल्याच्या खुणा असलेलं. हिप्पोचे जीवाश्म नर्मदेच्या आणि गोदावरीच्या खोऱ्यात मिळालेत. म्हणजे आमच्या सड्यावर उकिडवा बसून दगड टोचणाऱ्या त्या कुणाच्यातरी डोळ्यांपुढे असं एखादं जनावर असेल, किंवा त्याच्या आजाने सांगितलेलं असेल. "म्हणजे नक्की माहीत नाही," ओंकार म्हणाला. "नाही." काल हाच शब्द माझ्या घशात अडकला होता. सड्यावर तो सहज निघाला.

घरी आलो तर ऋषीची भाजी शिजत होती. अळू, भेंडी, पडवळ, दोडकं, भोपळा, कणसाचे तुकडे, माठ, आणि मामीला परड्यात सापडलेलं काय काय, बिनफोडणीचं. मामीचा उपास. या दिवशी ती बैलाच्या कष्टाचं काही खात नाही. नांगरलेल्या शेतातलं धान्य वर्ज्य. आपोआप उगवलेलं, नाहीतर हाताने लावलेलं, तेवढंच चालतं. मी पाटावर बसलो, पहिला घास घेतला आणि माझ्या डोक्यात लख्खकन काहीतरी पेटलं. शेती नसलेली चित्रं. नांगराआधीचं जेवण. वर्षातून एक दिवस, ऋषींच्या नावाने, बायकांनी जपलेलं! नांगर यायच्या आधीच्या माणसांची आठवण हीच, आपल्या ताटात, दर भाद्रपदात! माझे हात गार पडले. मी मामीला विचारलं, "हे व्रत किती जुनं असेल गं?" ती म्हणाली, "माझ्या सासूबाई करायच्या." मला तेवढंही पुरेसं वाटलं. मी मनातल्या मनात बारा हजार वर्षांचा पूल बांधून मोकळा झालो होतो, आणि त्याच्या दोन टोकांना काय, तर एक चिरलेली भेंडी आणि एक बिनतोंडाचा माणूस.

मग नगारे ऐकू आले. कालचा खर्जातला आवाज आता माझाच होता.

व्रताच्या कहाणीत विटाळाचा दोष आहे, प्रायश्चित्त आहे, नांगराआधीच्या जगाबद्दल एक अक्षर नाही. बैल न वापरण्याची कारणं दहा असू शकतात. माझ्या त्या कल्पनेला पुरावा म्हणून माझ्या अंगावर आलेला काटा सोडला तर काही नाही. पण तो काटा खरा होता. ओंकारच्या व्हिडिओतल्या माणसालाही तो आला असणार, त्याने फक्त त्याला पार्श्वसंगीत लावलं. या प्रकाराबद्दल माझा राग त्या दिवसापासून जरा मऊ झालाय. पूर्ण गेला नाही. कारण त्या व्हिडिओत एक गोष्ट कायम असते: केलं ते दुसऱ्या कुणीतरी. बुडालेल्या शहरातल्या थोर लोकांनी, आकाशातून आलेल्यांनी. उघड्या अंगाच्या, रात्री वाघाला भिऊन जाळ पेटवणाऱ्या, पावसात पडसं होणाऱ्या माणसाला हे जमलं असेल, एवढं मात्र कुणी बोलत नाही. त्याच्या हातात दगडाचा टोचा द्यायला आमचा जीव कचरतो.

संध्याकाळी दिवे गेले. पडवीत मामा पाय पसरून बसले होते, ओंकार त्यांच्या शेजारी. वयाच्या ऐंशीत मामांना कमी ऐकू येतं, पण प्रश्न घराबद्दल असला की सगळं ऐकू येतं. ओंकारने विचारलं, "त्या लोकांची घरं का नाही सापडत, आजोबा? एवढी मोठी चित्रं काढली, मग राहत कुठे होते?" मामा हसले. "आपलं हे घर बांधलं अडुसष्टात. त्याआधी आपण राहत कुठे होतो, सांग बघू?" त्यांनी अंधारात फणसाकडे बोट केलं. तिथे घर होतं. कुडाच्या भिंती, वर करडाचं छप्पर, दर पावसाळ्याआधी नवं शाकारायचं. त्यात मामा जन्मले, माझी आई जन्मली, तीन बाळंतपणं, दोन मरणं झाली. आज त्या जागी काय आहे? फणसाचा पाचोळा. टॉर्च घेऊन ओंकार खरंच बघून आला. जोत्याचा एक दगडही नाही, ते दगड उचलून गडग्याला लावले म्हणे. साठ वर्षांत अख्खं घर नाहीसं झालं, तेही आतली माणसं जिवंत असताना. आमच्याकडच्या पावसाने आणि आंबट मातीने हाडंसुद्धा टिकत नाहीत, तिथे हजारो वर्षांपूर्वीच्या फांद्यांच्या आडोशाचं काय राहणार? सड्याच्या कपारींत, गुहांत चार दगडी हत्यारं मिळतात तेच नशीब. आणि बाकीचं, कोण जाणे, समुद्राखाली असेल. वीसेक हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. किनारा पार पश्चिमेला, आज जिथे ट्रॉलर मासे धरतात तिथे. बर्फ वितळलं तसं पाणी चढत आलं. परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला, ही आमची कोकणची गोष्ट. प्रत्यक्षात तो पुढे आला. माणसांना मागे सरकावं लागलं असेल, पिढीपिढीने, एकेक माड दूर. (माड तेव्हा होते की नव्हते कोण जाणे, पण मला दुसरं माप सुचत नाही.) प्रलय कुणाला दिसलाही नसेल. आजा म्हणाला असेल, पूर्वी आम्ही तिकडे शिंपले वेचायला जायचो.

"आणि मागच्या दारची पायरी?" ओंकारने विचारलं. "तो दगड कुठचा?"

मामा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "वरच्या खाणीतला." माझ्या आजोबांनी सड्यावर, चित्रांच्या पलीकडच्या अंगाला चिरेखाण काढली होती. जांभा आतून मऊ असतो, पिकावाने कापता येतो, आणि वारा-ऊन लागलं की टणक होत जातो. १८००च्या सुमाराला फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या इंग्रजांच्या माणसाने मलबारात लोकांना हा दगड विटांसारखा कापताना बघितलं आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटराइट हे नाव दिलं. आमच्याकडे तो चिराच. या घराच्या चारी भिंती त्या खाणीतल्या. "पण पायरीला खालचा मऊ चिरा चालत नाही," मामा म्हणाले, "पायाने झिजतो. पायरीला वरच्या थरातला दगड लागतो. कातळाची पाठ." वरचा थर. म्हणजे जिथे चित्रं असतात तो. मामांच्या ते लक्षात आलंच असणार, कारण त्यांनी लगेच पुढे जोडलं, "पिकावाचा घाव असेल तो. तेव्हा डोक्यावर छप्पर हवं होतं रे. बघत कोण बसलं होतं?" आजोबांची खाण किती चित्रं खाऊन गेली, एकही नाही की दहा, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. आम्ही त्या भिंतींच्या आत बसलो होतो. समई तेवत होती.

मग मामांनी आणखी एक सांगितलं, जे मला एवढ्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. खाण माशापाशी येऊन थांबली ती आजोबांनी थांबवली म्हणून नव्हे. त्यांना आणखी दोन खोल्यांचा चिरा हवाच होता. गडी तयार होईनात. पांडवांच्या अंगावर पिकाव कोण घालणार? आजोबा चिडले, जास्त मजुरी देऊ केली, शेवटी त्या दोन खोल्या झाल्याच नाहीत. म्हणूनच या घराला मागची पडवी अर्धी आहे. लहानपणापासून मी समजत होतो की पैसे संपले. म्हणजे माझा तो मासा, ते रानडुक्कर, तो माणूस आज सड्यावर आहे तो एका खोट्या गोष्टीच्या जिवावर. भीम नाही, कोंबडा नाही, वनवासही नाही. चार गडी आणि त्यांचं भय. मला त्या गड्यांची नावं विचारावीशी वाटली. मामांना एकाचंच आठवलं, तेही अर्धं.

ओंकारचा व्हिडिओ असं काही वाचवेल का? सांगता येत नाही. एखाद्या गावात लोक त्यामुळे चित्रांभोवती गडगा घालतील, एखाद्या सड्यावर पोरं बाइक घेऊन चढतील आणि हत्तीच्या पोटात चाकं फिरवून रील काढतील. उक्षीला गावानेच पुढे होऊन हत्तीभोवती भिंत बांधली आणि वरून बघायला उंचवटा केला, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "आपणही बांधू या." मी म्हटलं, "बघू." हे "बघू" कोकणात काय अर्थाचं असतं ते त्याला अजून कळत नाही.

गौरी आली त्या दिवशी पाऊस उघडला होता. आमच्याकडे गौर विहिरीवरून येते, तेरड्याची, मागच्या दाराने. मामीने तांदळाचं पीठ कालवलं आणि विहिरीपासून पावलं उमटवत आली. मूठ पिठात बुडवायची, कडेवर टेकवायची की तळवा होतो, मग बोटाच्या टोकाने पाच ठिपके. डावं, उजवं, डावं, उजवं. ओणवी, मागे न बघता. पायरीपाशी आली तेव्हा ओंकार आणि मी दोघेही उभे होतो, आणि दोघांचीही नजर त्या खाचेवर. मामीने पायरीवर दोन पावलं काढली. उजवं नेमकं खाचेवर आलं. ओलं पीठ खाचेत ओघळलं आणि तळव्याच्या मधून एक पांढरी वाकडी रेघ पायरीच्या कडेपर्यंत गेली, जिथे दगड कापलेला आहे.

"पुसू का गं?" ओंकारने विचारलं.

"राहू दे," मामी म्हणाली, आणि उंबऱ्यावरचं पाऊल काढायला पुढे झाली.